१३०० डिग्रीची म्हणून विकलेली भट्टी

मातीची भांडी भाजायला स्टुडिओसाठी इलेक्ट्रिक भट्टी घेणाऱ्यांनी हे वाचूनच अ‍ॅडव्हान्स द्यावा. आमची फसवणूक कंट्रोलरच्या, म्हणजे भट्टीचं तापमान दाखवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या यंत्राच्या, आकड्यात होती, आणि हा प्रकार कोणालाही सहज जमेल असा आहे.

भट्टी नवी, पुण्यात बनवून घेतलेली. बोलणं असं झालं होतं : ६ किलोवॅट, कांथल ए-वन या जास्त उष्णता सोसणाऱ्या तारेच्या कॉइल, २६ ग्रेडच्या (आकडा मोठा तितकी जास्त उष्णता सोसणाऱ्या) विटा, १३०० डिग्रीपर्यंत जाणार. डेमो बघायला गेलो तेव्हा भट्टी आधीच तापलेली होती. "मॅडम, तुम्हाला ताटकळायला नको म्हणून पहाटेच लावून ठेवली," विक्रेते म्हणाले. डिस्प्लेवर १२५० दिसत होतं. किती अगत्य वाटलं तेव्हा! त्या अगत्याचा अर्थ पुढे कळला.

बिस्क, म्हणजे लेप लावण्याआधीची पहिली भाजणी, झकास निघाली. बिस्क १००० च्या आसपास होतं आणि पन्नास-साठ डिग्री कमी पडली तरी फारसं बिघडत नाही, त्यामुळे खोट तिथे झाकली जाते. स्टोनवेअरचं, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या पक्क्या भांड्यांचं, ग्लेझ (काचेसारखा लेप) लावल्यावर मात्र रडगाणं सुरू झालं. डिस्प्ले १२४० म्हणतोय आणि कॉफीचे मग बाहेर येतायत खरखरीत, पांढुरके, ग्लेझ अर्धवट वितळलेलं. मगात पाणी भरून ठेवलं की सकाळी टेबलावर ओलं वर्तुळ. एक मग कोरडा ३०० ग्रॅम भरला, उकळून पुसून पुन्हा तोलला तर ३२७. म्हणजे ९ टक्के पाणी प्यायला! नीट भाजलेलं स्टोनवेअर दोन-तीन टक्क्यांच्या वर जाऊ नये.

विक्रेत्याला फोन केला तर दोष मातीचा. खुर्ज्याहून आलेली ही माती खराब आहे म्हणे. दुसरी आणली, तर दोष ग्लेझचा. मग व्होल्टेजचा. शेवटी त्याच मातीचे, त्याच ग्लेझचे मग एका मैत्रिणीच्या गॅस भट्टीत घातले. चकचकीत निघाले, पाणीही धरलं. माती आणि ग्लेझ तिथेच सुटले.

मग आत कोन ठेवले. कोन ही ठराविक मिश्रणाची छोटी सुळकी असते, पुरेशी उष्णता मिळाली की वाकते. सहा नंबरचा कोन तापण्याच्या वेगाप्रमाणे साधारण १२२० ते १२४० ला झुकतो. आमच्या भट्टीत डिस्प्लेवर १२४० आले, तरी पाच आणि सहा नंबर ताठ उभे, चार नंबरने (तो ११७० च्या आसपास झुकतो) जेमतेम मान तुकवलेली. म्हणजे सत्तरेक डिग्रीची थाप.

खरी गंमत पुढे आहे. दोन दिवस दार उघडं ठेवलेली, हाताला गार लागणारी भट्टी चालू केली तर डिस्प्लेवर ९६! विचारलं तर उत्तर आलं, "इन्सुलेशन भारी आहे ना, ऊब धरून ठेवते." कंट्रोलर दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सेटिंगचा मेन्यू उघडला. त्यात ऑफसेट +७० टाकलेला, म्हणजे खऱ्या तापमानापेक्षा ७० जास्त दाखवायचे. थर्मोकपलमधली (तापमान मोजणाऱ्या सेन्सरमधली) किरकोळ चूक सुधारायला ही सोय असते, इथे ती गिऱ्हाईक गुंडाळायला वापरली. डेमोला भट्टी आधीच का तापवली होती, ते आता उलगडलं. गार भट्टीचा आकडा कोणी पाहायलाच नको होता.

मग बाकीचंही तपासलं. वायरमनने क्लँप मीटर लावला, करंट १७ अँपिअर. २३० व्होल्टला ६ किलोवॅट म्हणजे २६ अँपिअर हवा, आमची ४ किलोवॅटसुद्धा भरत नव्हती. भट्टी बंद करून, मेन स्विच काढून कॉइलला फ्रिजवरचं लोहचुंबक लावलं. कांथलमध्ये लोखंड भरपूर असतं, त्याला चुंबक चिकटतं. इथे ते घसरून खाली पडलं. नायक्रोम! त्याची तार जास्तीत जास्त १२०० च्या आसपासची, भट्टीचं तापमान त्याहूनही कमीच ठेवावं लागतं. विटांवरही २३ चा शिक्का होता. स्वस्तातलं सगळं एका जागी जमवलेलं.

तेव्हा डेमो मागाल तो गार भट्टीपासून मागा. सुरुवातीचा आकडा खोलीच्या तापमानाइतका आहे का बघा. कोन आपले न्या, आत आपल्या हाताने ठेवा, आणि ते वाकलेले बघितल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. "आमच्याकडे कोन कोणी वापरत नाही" असं म्हणणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नका.

बिलावर किलोवॅट, कॉइलचा प्रकार आणि कमाल तापमान लिहून घ्या. आमच्या बिलावर फक्त "इलेक्ट्रिक फर्नेस, १ नग" आहे. नशिबाने कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं, त्यात १३०० लिहिलेलं आहे. त्याच्या आधारे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार तिथे चालत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर चालते. मुदत दोन वर्षांची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी विचारायचं असेल तर १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

विक्रेत्याचा परवा मेसेज आला : कांथलच्या कॉइल बसवून देतो, कॉइलचे पैसे तेवढे वेगळे पडतील.