ड्रायव्हिंग स्कूलचा अनुभव: मामांना पाच तारे, स्कूलला दोन

नाव मुद्दाम लिहीत नाही. तालुक्याच्या गावात असे तीन-चार क्लास आहेत आणि माझ्या अंदाजानं सगळीकडं हेच चालतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ४६. शाळा घरापासून १८ किलोमीटर. बारा वर्षं काळी-पिवळी जीपनं ये-जा केली. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस बसलेला आणि ड्रायव्हर तिरका होऊन गिअर टाकतोय, हे दृश्य आपल्याकडं कुणाला नवीन नाही. मागच्या वर्षी भावानं त्याची जुनी अल्टो दिली. गणपतीत लर्निंग काढलं आणि दिवाळीच्या तोंडावर क्लास लावला. फी ५,५०० रुपये, 'लायसनसकट पॅकेज'. नुसतं शिकायचं असेल तर ४,०००. म्हणजे लायसनचे दीड हजार वेगळे, आणि ते सरकारी फीपेक्षा कितीतरी जास्त, हे तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

लर्निंगची परीक्षा आता ऑनलाइन असते. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. क्लासच्या मालकाचा भाचा कॉम्प्युटरवर बसला होता. म्हणाला, "मॅडम, ओटीपी तेवढा सांगा, बाकी मी करतो." मी म्हटलं, बाळा, मी दहावीच्या केंद्रावर कॉपी पकडते. ऊठ. माझे बारा बरोबर आले. माझ्या मागं रांगेत असलेल्या चौघांनी मात्र ओटीपी सांगितला आणि बाहेर जाऊन चहा प्याले.

पहिला आठवडा एक तरुण पोरगा शिकवायला होता. गाडी जुनी, पण त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि क्लच होता, तेवढं नियमाप्रमाणे. त्याचं एक पाऊल ब्रेकवर, दोन्ही डोळे मोबाइलवर. शिकवण एकच: "हॉर्न मारा मॅडम, तो सरकंल." पुढं म्हैस असो, हातगाडी असो की लग्नाची वरात, उत्तर हॉर्न. चौकात थांबले तर म्हणाला, "थांबू नका, मागचा ठोकतो." वाईट याचंच वाटतं की ते खरं होतं. दुसऱ्याच दिवशी लाल दिव्याला थांबले आणि मागच्या टमटमवाल्यानं काच खाली करायला लावून विचारलं, बंद पडली का?

दुसऱ्या आठवड्यात तो पोरगा सोडून गेला आणि मामा आले. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर, आता रिटायर. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी चालूच करू दिली नाही. आरसे लावायला लावले, मग स्वतः गाडीभोवती चक्कर मारली आणि कुठं उभे राहिले की मला दिसत नाहीत ते एकेक करून दाखवलं. चौघीजणी मागं बसून कंटाळल्या. मला वाटतं, माझे सगळे पैसे त्या वीस मिनिटांत वसूल झाले.

मामांचे धडे पुस्तकात नाहीत. कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर निघतात, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी फूटभर बाहेर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटाखाली झाकलेला. मामा म्हणाले, "बाई, रात्री काच चार बोटं खाली ठेवा. अंधारातून गाणं ऐकू आलं की ट्रॅक्टर समजायचा आणि पाय काढायचा." मी हसले. डिसेंबरात एका संध्याकाळी परत येताना खरंच आधी ढोलकी ऐकू आली, मग ट्रॉली दिसली. हसू आलं नाही.

दुसरा धडा दगडांचा. ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं की माणसं भोवती दगड मांडतात, चाक बदलून निघून जातात, दगड तिथंच. "ट्रॅक्टर गेला तरी दगड हायत, हे ध्यानात ठेवा." आणि चौपदरीवरसुद्धा दोन्हीकडं बघायचं. औशाहून तुळजापूरला जाताना दुभाजकाचा कट लांब असला की शेताकडं निघालेला माणूस सरळ उलटा येतो, तेही हेल्मेट नाही आणि मागं कडब्याची पेंढी.

आता तक्रार. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे असा क्लास किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तास असायला पाहिजे. माझ्या डायरीत चौदा दिवस आहेत, रोज साधारण वीस मिनिटं. पावणेपाच तासही होत नाहीत. शेवटी मालकानं रजिस्टर पुढं केलं, त्यात १० तास आधीच भरलेले. मी सही केली. कॉपी पकडणाऱ्या बाईनं सही केली, कारण आरटीओच्या लायसन परीक्षेच्या कॅम्पची तारीख जवळ होती आणि काळी-पिवळीचा कंटाळा आला होता. मामा बाजूला उभे होते, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

कॅम्पला माझी परीक्षा दोन मिनिटांत झाली. सरळ जा, वळवा, उतरा. रिव्हर्स नाही, चढावर थांबवणं नाही. माझ्या पुढच्या माणसाला पहिला गिअर सापडेना, तोही पास. मालक सगळ्यांची फाइल काखेत घेऊन हिंडत होता.

शाळेत रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात मी फळ्यावर २०२२ चा आकडा लिहिते: देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ मृत्यू. मुलं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतात. शाळा सुटली की नववीतला एक जण बापाच्या मोटारसायकलवर दोघांना बसवून जातो. मी वडिलांना बोलावलं, सांगितलं की २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ते म्हणाले, "बाई, नाक्यावर समदे वळखीचे हायत." माझ्या पुतण्याच्या गाडीवर अकरा ई-चलानं आहेत. तो लोकअदालतीची वाट बघायलाय, तिथं कमी करून मिटतं म्हणतो.

मग अशा क्लासला जावं का? आमच्याकडं दुसरा पर्याय नाही, म्हणून जावं. पॅकेज घेऊ नका, ४,००० वालं घ्या. रजिस्टर रोजच्या रोज स्वतः भरा. लायसन हातात आल्यावर मी मामांना वेगळे पैसे देऊन चार रविवार लातूरला गाडी नेली. शेवटच्या रविवारी गंजगोलाई. सोळा रस्ते एका ठिकाणी येतात, भाजीवाले, रिक्षा, ट्यूशनची ट्रिपल सीट पोरं. दोनदा बंद पडली. मामा म्हणाले, "पडू द्या, त्येंच्या हॉर्नला घाई हाय, आपल्याला न्हाई."

जाणार असाल तर सकाळी साडेसहाची बॅच मागा, मामा त्याच बॅचला असतात. मंगळवारी येत नाहीत, त्या दिवशी त्यांचा आठवडी बाजार असतो.