क्रँककेसचा दाब पाण्याच्या नळीने मोजताना: जुन्या टर्बो डिझेलवरील काही महिन्यांचा अनुभव

पारदर्शक पीव्हीसी नळी, मोजपट्टी आणि रंगीत पाणी एवढ्या साहित्यातून बनवलेला यू-नळीचा दाबमापक आणि त्याच्या जोडीला एक लहान डिजिटल मॅनोमीटर, ही दोन साधने मी गेले काही महिने क्रँककेसचा, म्हणजे इंजिनातल्या पिस्टनखालच्या बंद पोकळीचा, दाब मोजायला माझ्या २००८ सालच्या, चार सिलेंडरच्या कॉमन रेल टर्बो डिझेल गाडीवर वापरत आहे. पंधरा वर्षांनंतर आरसीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. ते झाल्यामुळे हे इंजिन अजून बरीच वर्षे नीट चालावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, कडेने ऑइल पाझरू लागले होते, टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपात ऑइल साचत होते आणि बराच वेळ आयडलिंगवर उभी राहिलेली गाडी निघताना निळसर धूर सोडत होती. यावर मला दोन सल्ले मिळाले. एक म्हणजे ‘टर्बो ऑइल खातोय, बदलून टाका’ आणि दुसरा ‘रिंगा गेल्यात, हाफ इंजिन करावे लागेल’, म्हणजे इंजिन उघडून रिंगा बदलाव्या लागतील. दोन्ही सल्ले ऑइल भरण्याचे झाकण उघडून तिथून येणारा धूर पाहून दिलेले होते. दाब कोणीही मोजला नव्हता. ही दोन्ही कामे खर्चाची आहेत, आणि त्यांपैकी कोणते खरोखर गरजेचे आहे हे धुराच्या रंगावरून ठरवता येत नाही, म्हणून मी मोजमापाकडे वळलो.

सुस्थितीतल्या इंजिनातही ज्वलनाचा थोडा वायू पिस्टन रिंगांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. त्याला ब्लोबाय म्हणतात. जुन्या काळी तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत असत. १९६० च्या दशकापासून, आधी कॅलिफोर्नियात आणि मग इतरत्र, तो परत इंजिनाच्या आत ओढून जाळण्याची पद्धत रूढ झाली. टर्बो डिझेलमध्ये हा वायू त्यातले ऑइल वेगळे करणाऱ्या सेपरेटरमधून गाळला जातो आणि टर्बोच्या आधी, हवेच्या पाइपात सोडला जातो, कारण तिथे टर्बोचा कॉम्प्रेसर हवा ओढत असल्यामुळे किंचित निर्वात असतो. टर्बो पेट्रोलमध्ये मार्ग दोन असतात. आयडलिंगला आणि सावकाश चालताना वायू एकाच दिशेने उघडणाऱ्या चेक व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपात) जातो, आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, आला की तो व्हॉल्व्ह बंद होऊन वायू टर्बोच्या आधीच्या पाइपाकडे वळतो. हा चेक व्हॉल्व्ह बिघडला तर बूस्टचाच दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरतो.

टर्बोचा या दाबाशी दुहेरी संबंध आहे, आणि निदानातला बहुतेक घोळ इथेच होतो. टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसून पिस्टन रिंगसारख्या बारीक कड्या असतात. बेअरिंगमधून गेलेले ऑइल केवळ गुरुत्वाकर्षणाने, जाड परतीच्या पाइपातून संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरते. क्रँककेसमध्ये दाब वाढला की ही उतरण मंदावते, टर्बोच्या मध्यभागी ऑइल तुंबते आणि कड्यांना ओलांडून एकीकडे इंटरकूलरमध्ये, तर दुसरीकडे सायलेन्सरमध्ये जाते. टर्बो पूर्ण निर्दोष असूनही तो ऑइल खात आहे असे दिसते. उलट, टर्बो खरोखर झिजलेला असेल तर एक्झॉस्टचा आणि बूस्टचा वायू त्याच परतीच्या पाइपाने खाली येऊन क्रँककेसचा दाब वाढवतो. म्हणजे टर्बो कधी कारण असतो, तर कधी परिणाम. नवा टर्बो बसवला आणि दाब तसाच राहिला, तर नव्यातूनही काही दिवसांत ऑइल येऊ लागते. डिझेल इंजिनात हे दुर्लक्षित ठेवणे धोक्याचेही आहे. इनटेकमध्ये पुरेसे ऑइल पोहोचले तर इंजिन त्याच ऑइलवर चालू लागते, आणि मग चावी फिरवूनही ते बंद होत नाही.

साधन निवडताना पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी लागते ती म्हणजे हा दाब अतिशय लहान असतो. एक बार म्हणजे सुमारे १०,२०० मिमी पाण्याचा स्तंभ, आणि इथे आपल्याला पाच-दहा मिमीचा फरक वाचायचा असतो. त्यामुळे बूस्ट गेज किंवा टायरचा गेज इथे निरुपयोगी आहे. व्होल्वोच्या पाच सिलेंडरच्या टर्बो गाड्या राखणाऱ्या हौशी लोकांत ऑइलच्या झाकणाच्या जागी रबरी हातमोजा बांधून तो फुगतो की आत ओढला जातो हे पाहण्याची पद्धत आहे. दिशा समजण्यासाठी ती चांगली आहे, पण किती हे ती सांगत नाही, आणि भाराखाली काय घडते हे तर मुळीच सांगत नाही. पाण्याची नळी जुनाट वाटली तरी पेट्रोल गाड्यांच्या उत्सर्जन मान्यतेसाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ८३ क्रमांकाच्या नियमावलीतही क्रँककेसचा दाब डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीच्या) छिद्रापाशी, तिरप्या नळीच्या मॅनोमीटरने मोजायला सांगितले आहे. आयडलिंग, ताशी ५० किलोमीटर आणि त्याच वेगाला अधिक भार अशा तिन्ही स्थितींत तो दाब वातावरणापेक्षा जास्त असता कामा नये, ही तिथली कसोटी आहे. माझी गाडी डिझेल असली तरी लक्ष्य म्हणून मी हीच कसोटी समोर ठेवली.

यू-नळी बनवणे सोपे आहे, पण वापरताना काही गोष्टी काटेकोरपणे पाळाव्या लागतात. दोन्ही बाजूंच्या पातळीतील एकूण फरक म्हणजे दाब होय. एका बाजूला पाणी ३० मिमी चढले आणि दुसऱ्या बाजूला ३० मिमी उतरले, तर दाब ६० मिमी आहे. निर्वात जास्त असेल तर पाणी इंजिनात ओढले जाऊ शकते, म्हणून इंजिनाकडच्या बाजूला रिकामी बाटली मध्ये घालणे अत्यावश्यक आहे. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की पातळीची कड स्पष्ट वाचता येते. डिपस्टिकची नळी कुठे संपते हेही आधी तपासावे, कारण काही इंजिनांत तिचे टोक ऑइलच्या पातळीखाली असते आणि तिथे जोडलेला मापक खोटे सांगतो. या कारणास्तव मी ऑइलचे एक जास्तीचे झाकण घेऊन त्यात नळीचा तुकडा हवाबंद बसवला आणि डिपस्टिक जागेवर घट्ट ठेवली.

आयडलिंगचे मोजमाप यू-नळीनेच उत्तम होते. तिला बॅटरी लागत नाही, तिचा शून्य सरकत नाही, आणि पाण्याच्या हेलकाव्यांवरूनही काही कळते: चार सिलेंडरांच्या संथ स्पंदनाऐवजी ठरावीक अंतराने एकच जोरदार उसळी येत असेल, तर एका सिलेंडरवर संशय घ्यायला जागा आहे. मात्र चालत्या गाडीत ती वापरता येत नाही, कारण चढावर आणि वळणावर पातळी हलते. तिथे डिजिटल मॅनोमीटर हवा. माझ्याकडचा ०.०१ किलोपास्कलपर्यंत, म्हणजे साधारण एक मिमी पाण्यापर्यंत वाचतो आणि कमाल आकडा धरून ठेवतो. त्याचे दोष दोन. स्पंदनांमुळे आकडे सतत नाचतात. नळीत मत्स्यटाकीच्या हवेचा छोटा व्हॉल्व्ह बसवून तो जवळजवळ बंद ठेवला की ते स्थिरावतात. दुसरे, उष्णतेने त्याचा शून्य सरकतो, म्हणून प्रत्येक वेळी नळी काढून शून्य करावा लागतो. पावसाळ्यात नळीत ओलावा आणि ऑइलचे बाष्प साचून पांढरट थेंब धरतात, आणि असा एक थेंब अरुंद व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी वाचन बिघडते, त्यामुळे मी नळी वापरानंतर लगेच फुंकून कोरडी करतो.

रस्त्यावर मोजताना मापकाचे दुसरे तोंड कुठे आहे यालाही महत्त्व आहे. ताशी ८० किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा दाबच सुमारे ३० मिमी पाण्याइतका असतो. ते तोंड बॉनेटखाली वाऱ्यात राहिले तर आपण इंजिन नव्हे, वारा मोजत असतो. मी मापक केबिनमध्ये ठेवतो, काच थोडी उघडी व पंखा बंद ठेवतो, आणि आकडे वाचण्याचे काम नेहमी शेजारी बसलेली व्यक्ती करते.

आता प्रत्यक्ष निदानाविषयी. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला दाब वातावरणापेक्षा २२ मिमीने जास्त होता, आणि पुणे-सातारा मार्गावरील खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण भाराखाली तो १२० मिमीच्या आसपास जात होता. हे आकडे वाईट आहेत, पण ते रिंगांचे की टर्बोचे हे त्यातून कळत नाही. क्रँककेसमध्ये वायू येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या वाटा एकेक करून वेगळ्या काढणे, हेच खरे निदान आहे.

पहिली वाट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे ब्रेकचा व्हॅक्युम पंप. डिझेल इंजिनात ब्रेक सर्वोसाठी (पॅडलवरचा जोर वाढवणाऱ्या साधनासाठी) लागणारा निर्वात कॅमशाफ्टवर चालणारा पंप तयार करतो आणि सर्वोतून ओढलेली हवा तो इंजिनाच्या आतच सोडतो. सर्वो किंवा त्याची नळी कुठे गळत असेल, तर बाहेरची हवा अखंडपणे क्रँककेसमध्ये भरली जाते. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना अटकाव लावलेला असताना मी ती नळी पंपापाशी चिमट्याने दाबली, तेव्हा आकडा २२ वरून १४ वर आला. सर्वोच्या टोकाशी नळीला तडा गेलेला होता. (ही चाचणी करताना गाडी किंचितही हलवू नये, सर्वोशिवाय ब्रेकचे पॅडल दगडासारखे कडक होते.)

दुसरी पायरी बाहेर जाण्याच्या वाटेची. सेपरेटर वगळून टॅपेट कव्हरपासून थेट एक जाड, मोकळी नळी बाटलीत सोडली, तेव्हा दाब तीन मिमीवर उतरला. उरलेल्या १४ मिमीपैकी सुमारे ११ मिमी एकट्या सेपरेटरच्या अडथळ्यामुळे होता. तो उघडल्यावर आतली जाळी काळ्या, चिकट गाळाने जवळपास बंद झालेली आणि क्रँककेसमधला निर्वात मर्यादेत ठेवणारा नियंत्रक पडदा ताठरलेला आढळला. अडथळा तोच असताना प्रवाह दुप्पट झाला की दाब साधारण चौपट होतो, त्यामुळे आयडलिंगला मामुली वाटणारा अडथळा घाटात शंभरीच्या पलीकडे का जात होता, याचाही उलगडा झाला.

नवा सेपरेटर आणि नवी व्हॅक्युम नळी बसवल्यावर आयडलिंगचा दाब शून्याच्या किंचित खाली आला, आणि त्याच घाटात, त्याच गिअरमध्ये तो उणे १५ मिमीच्या आसपास राहिला. रिंगा खरोखर झिजल्या असत्या किंवा टर्बोच्या कड्यांतून वायू उतरत असता, तर पूर्ण बूस्टला हा आकडा पुन्हा वर उसळला असता. टर्बोच्या शाफ्टला आडवा किंचित हेलकावा होता, तो असतोच. लांबीच्या दिशेने हालचाल हाताला जाणवली नाही. इंटरकूलर आणि पाइप काढून आतले ऑइल धुऊन घेतले, आणि त्यानंतर निळसर धूर दिसलेला नाही. टर्बो तोच आहे, इंजिन उघडलेले नाही.

एक सूचना मला विशेष आग्रहाने करावीशी वाटते. गळकी सील बदलण्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा दाब मोजावा. गळणारे गॅस्केट हीसुद्धा दाब बाहेर पडण्याची वाट असते. ती बंद केली की आकडा वाढतो आणि ऑइल पुढच्या कमजोर जागेतून, बहुधा क्रँकच्या मागच्या सीलमधून बाहेर येते, जिथे पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. टॅपेट कव्हरचे गॅस्केट मी म्हणूनच सर्वांत शेवटी बदलले.

या साधनांची मर्यादाही स्पष्ट आहे. वाटा मोकळ्या करूनही भाराखालचा दाब जास्तच राहिला, तर कोणत्या सिलेंडरमधून वायू उतरतो हे पाण्याची नळी सांगू शकत नाही. त्यासाठी सिलेंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून लीक-डाउन चाचणी करावी लागते आणि ऑइलच्या झाकणापाशी, टेलपाइपापाशी व हवेच्या पाइपापाशी कान लावून हवा कुठून सुटते ते ऐकावे लागते. ब्लोबायचे प्रमाणच हवे असेल, तर बाकीच्या वाटा बंद करून ब्रीदरच्या, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, तोंडाशी ठरावीक छिद्राची चकती बसवतात आणि तिच्यामागचा दाब वाचतात. कमिन्ससारख्या मोठ्या डिझेल इंजिनांच्या देखभालीत ही पद्धत नेहमीची आहे. गाड्यांच्या गॅरेजांत ती क्वचितच दिसते, याचे मला वाईट वाटते, कारण तिला लागणारे साहित्य काही शे रुपयांत होते. टर्बो पेट्रोलवाल्यांनी उलटी बाजूही तपासावी: नियंत्रक पडदा फाटला तर क्रँककेसमध्ये अतिरिक्त निर्वात तयार होतो, शिट्टीसारखा आवाज येतो, आयडलिंग अस्थिर होते आणि चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण ओढून काढावे लागते. तो दोषही याच नळीवर, फक्त विरुद्ध बाजूला दिसतो.

सध्या प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी, तापलेल्या इंजिनावर आयडलिंगचा, आणि जमेल तेव्हा घाटातला आकडा मी सर्व्हिसच्या वहीत लिहितो. त्यासोबत एअर फिल्टर नवा होता की जुना याचीही नोंद ठेवतो, कारण तुंबलेला फिल्टर टर्बोआधीचा निर्वात वाढवतो आणि त्यामुळे क्रँककेसचा दाब प्रत्यक्षाहून बरा दिसतो. आयडलिंगचा आकडा पुन्हा शून्याच्या वर सरकू लागला, तर सर्वांत आधी सेपरेटर उघडायचा, हे ठरलेले आहे.