तळ एका लॉजवर ठोकायचा की रोज पुढे सरकायचं?

पाच-सहा गाड्या ऑफ-रोडिंगला, म्हणजे डांबर सोडून कच्च्या वाटांवर, निघाल्या की पहिली वादावादी मुक्कामावरून होते. लॉजवर राहून रोज वेगळ्या वाटेने फिरून यायचं, की बिऱ्हाड पाठीवर घेऊन रोज नव्या जागी तंबू?

लॉजचा खरा फायदा वजनात आहे. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो, तेवढंच डिझेल साधारण १७ किलो. शिवाय तंबू, शेगडी, बॅगा. यातलं बरंचसं टपावर चढतं आणि आडव्या उतारावर गाडी कलली की मागच्या सीटवरच्या गप्पा एकदम थांबतात. सामान खोलीवर राहिलं तर तीच गाडी तिथून निवांत निघते. कोणाची तब्येत बिघडली तर तो दिवसभर झोपू शकतो. गाडी बिघडली तर ती लॉजवर ठेवून माणसं इतर गाड्यांत बसवता येतात. फिरत्या मुक्कामात एक गाडी अडली की सगळा ताफा अडतो.

पण लॉजपासून कच्ची वाट ४० किलोमीटरवर असेल तर रोज ८० किलोमीटर डांबरच तुडवायचं. शिवाय हवेचं लचांड. मातीत टायरची हवा कमी करून १८-२० पीएसआयवर आणायची आणि डांबरावर चढण्याआधी पुन्हा भरायची. सहा गाड्या म्हणजे २४ टायर, कॉम्प्रेसर दोन! अंधार तिथेच पडतो. म्हणून दुपारी किती वाजता मागे फिरायचं ते सकाळीच ठरवा, पुढची वाट कितीही खुणावत असली तरी.

पुढे सरकत जाण्यात ही घाई नसते आणि तीच वाट पुन्हा दिसत नाही. मात्र पुढे रस्ता वाहून गेलेला निघाला तर परतीचंही डिझेल टाकीत हवं. लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-बाय-फोरच्या कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये, गाडी किती पिते, हे नवख्यांना तेव्हाच कळतं.

सगळ्यात पुढे आणि सगळ्यात मागे अनुभवी चालक हवा, फाट्यावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं, आणि अडकलेली गाडी ओढण्याचा पट्टा टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, कधीच लावायचा नाही. तो बॉल तुटला तर गोळीसारखा सुटतो. हे दोन्हीकडे सारखंच.

माझं मत? नवखे, मुलं, भाड्याच्या गाड्या अशी सरमिसळ असेल तर लॉज. पण अर्ध्या तासाच्या आत निदान तीन वेगळ्या वाटा असतील तरच. सगळे मुरलेले असतील तर तंबू घ्या. लॉज ठरवलंच, तर बुकिंगआधी दोन गोष्टी विचारा: सहाला नाश्ता मिळेल का, आणि रात्री बॉनेट उघडून काम करायला उजेड असलेली जागा आहे का.