पैठणी की मसाले?

टीव्हीवरचं 'होम मिनिस्टर' २००४ मध्ये सुरू झालं. सूत्रसंचालक आदेश बांदेकर, म्हणजे सगळ्यांचे आदेश भावोजी, घरी यायचे, वहिनींचे खेळ रंगायचे, जिंकणारीला पैठणी. मंत्रिपद दिलं खरं, पण खातं स्वयंपाकघराचंच! २०१६ च्या 'माझ्या नवऱ्याची बायको' मालिकेतली राधिका वरवर पुढची वाटते. गृहिणी होती, मसाल्यांचा उद्योग उभारते. पण त्यासाठी आधी नवऱ्याने फसवावं लागतं. शिवाय नवऱ्याची प्रेयसी शनाया खलनायिका, हे तिच्या तोकड्या कपड्यांवरूनच ओळखायचं. साडीतली शहाणी, स्कर्टमधली घरफोडी. एका बाईचं मोठेपण सिद्ध करायला दुसरीला वाईट ठरवायचं.

मला तरी (आईला हे पटत नाही) पैठणीच बरी वाटते. तिथे निदान खऱ्या बायका सासूदेखत नवऱ्याची फिरकी घ्यायच्या.