राजारामपुरीतला मेक्सिकन पाव: तिळाचाच मागवा

मेक्सिकोत मृतांच्या दिवसांत ‘पान दे मुएर्तो’ नावाचा पाव करतात. तो कोल्हापुरात मिळतो आणि चांगला मिळतो. राजारामपुरीत घरातूनच ऑर्डर घेणाऱ्या एक ताई ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून २ नोव्हेंबरपर्यंत तो करून देतात. दोन दिवस आधी सांगावं लागतं. अर्ध्या किलोचा एक पाव ३५० रुपयांना. बेकरीच्या पावाशी तुलना केली तर महाग आहे, पण आत किती लोणी, अंडी आणि संत्र्याची किसलेली साल जाते ते कळल्यावर मला भाव रास्त वाटला.

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. कामासाठी मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात काही महिने राहिले, तेव्हा हा पाव पोटभर खाल्लाय, त्यामुळे चवीबद्दल खात्रीनं बोलू शकते.

पाव गोल आणि फुगीर असतो. वर मधोमध पिठाची गोळी, ती कवटी. तिथून चारी बाजूंना खाली उतरलेल्या गाठीगाठीच्या पट्ट्या, ती हाडं. या पट्ट्यांच्या पिठात थोडा जास्त मैदा मळावा लागतो, नाहीतर भट्टीत त्या पसरून पावातच मुरतात. ताईंच्या पहिल्या पावात तेच झालं होतं. वर नुसत्या सुरकुत्या दिसत होत्या. मी दिवसभर कास्टिंगच्या कडा तपासते, माझ्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. फोन करून सांगितलं. पुढच्या खेपेला हाडं अशी उठून आली की बोटानं गाठी मोजाव्यात.

आतला पाव मऊ आहे, तोडला की दोरे सुटतात. संत्र्याचा वास खऱ्या सालीचा आहे, बाटलीतल्या इसेन्सचा नाही. तिकडे अनीस घालतात, ताई त्याऐवजी बडीशेप जाडसर भरडून घालतात, आणि ते मला पटलं. साखर मात्र फार पेरतात. बहुतेक मेक्सिकोत वर लोणी लावून साखरच असते हे खरं, पण पुएब्लात याच पावावर पुष्कळदा तीळ लावतात. मी तिळाचा मागितला. तीळ खरपूस भाजले गेले होते आणि संत्र्याबरोबर त्यांची चव इतकी जमली की साखरेचा परत मागवणार नाही. माझ्या आईला तर तीळ बघूनच बरं वाटलं. पितरांना तीळपाणी सोडणारी माणसं आपण; परक्या मुलखातल्या पितरांच्या पावावरही तीळच असतात, म्हटल्यावर तिचा निम्मा संशय गेला. उरलेला निम्मा हाडांचा होता. “हाडं म्हणून काढलेलं पोटात कसं घालायचं गं?” पण चहात बुडवून दुसरा तुकडा तिनंच मागितला.

एक गोष्ट मला खटकली आणि ती मी ताईंनाही सांगितली. डब्यावर भोपळा आणि झाडूवरची चेटकीण असलेलं स्टिकर होतं. हे हॅलोविन नव्हे. तारखा लागून येतात म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. मेक्सिकोत १ नोव्हेंबरला लहानपणी गेलेली मुलं घरी येतात, २ तारखेला मोठी माणसं, अशी समजूत आहे. कोणाला घाबरवायचं नसतं, कोणाला पळवून लावायचं नसतं. आपल्या माणसाला वाट दिसावी, तहान भागावी, आवडीचं मिळावं, एवढ्यासाठी सगळी धडपड. स्पॅनिश लोक येण्याआधीचे मूळ रहिवाशांचे रिवाज आणि कॅथलिक चर्चचे संतांचे नि मृतांचे दिवस यांच्या मिसळणीतून हे घडलं. युनेस्कोच्या वारसा यादीत २००८ पासून त्याचं नाव आहे.

पुएब्लाच्या दक्षिणेला वाकेचुला नावाचं गाव आहे. कंपनीतल्या एका बाईंनी मला तिथं नेलं. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झालाय, त्या घरात पांढऱ्या सॅटिनचा तीन टप्प्यांचा उंच देव्हारा उभा करतात. फोटो थेट समोर ठेवायचा नाही, आरशात त्याचं प्रतिबिंब दिसेल असा ठेवायचा. रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट. आम्ही अनोळखी माणसं, हातात नुसती मेणबत्ती घेऊन आत गेलो, तर त्या घरच्यांनी बसवून हाच पाव आणि कपभर गरम चॉकलेट दिलं. गेलेल्या आजींना कुठली गाणी आवडायची, ते त्यांची नात सांगत होती. म्हाळाला आपण शेजारपाजारच्यांना जेवायला बोलावतो, तसंच तिथलं आतिथ्य वाटलं मला, फक्त दार येईल त्याला उघडं.

म्हणून सांगते, हा पाव नुसता केकसारखा कापून खाऊ नका. आपल्या माणसाच्या फोटोपुढे आधी ठेवा. त्यासाठी ऑनलाइन मिळणारे सजावटीचे संच घ्यायची गरज नाही. मी बघितलेल्या एका संचात प्लॅस्टिकचा झेंडू होता! झेंडूचं मूळ मेक्सिकोतलं, आणि आपल्या कपिलतीर्थ मार्केटमध्ये त्याचे ढीग लागलेले असतात. ताजा आणा, वासाला तोच हवा. त्या वासावरच माणूस घर ओळखतो असं ते मानतात. कोपालच्या धुपाऐवजी आपला ऊद चालेल. पाण्याचा पेला आणि चिमूटभर मीठ ठेवा. राजगिऱ्याचा लाडूही ठेवा, कारण राजगिराही तिकडचाच आणि तिथं त्याच्या कवट्या करून विकतात.

आम्ही आप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी मांडलं. आप्पा पॅटर्नमेकर होते, लाकडातून साचे कोरायचे, कानावर कायम पेन्सिल. ती पेन्सिल ठेवली, चष्मा ठेवला. म्हाळाचं आमचं ताट शाकाहारी असतं, आणि आजोबांच्या म्हाळाला वडे-खीर बघून आप्पा दरवर्षी म्हणायचे, “आमच्या वेळेला रस्सा ठेवा रे.” म्हाळात ते करायची आईची तयारी कधीच नव्हती. इथं मात्र आवडीचं ठेवायचं हाच रिवाज आहे, हे कळल्यावर सकाळी ती स्वतः शिवाजी मार्केटला जाऊन मटण घेऊन आली. तांबड्या रश्श्याची वाटी तिनंच मांडली, शेजारी हा पाव. नंतर आम्ही सगळ्यांनी पाव रश्श्यात बुडवून खाल्ला. गोडसर पाव आणि झणझणीत रस्सा हे इतकं छान लागतं याची कल्पना नव्हती. भावानं वर्षभर ज्या आठवणी काढल्या नव्हत्या त्या त्या रात्री काढल्या, आप्पांनी पहिला साचा बिघडवला तेव्हा मालकानं काय केलं तिथपासून.

ताईंकडे बिनअंड्याचाही मिळतो. तो घेतला तर निराशा होईल. कोरडा होतो आणि दुसऱ्या दिवशी भुगा पडतो. अंड्याचा दोन दिवस चांगला राहतो, तव्यावर लोण्यात मंद आचेवर गरम केला की परत मऊ. गरम चॉकलेटबरोबर खायचा असेल तर दूध कमी साखरेचं ठेवा. घरपोच देतात, पण मोटारसायकलवर हाडं मोडतात, तेव्हा स्वतः जाऊन आणलेला बरा. ऑर्डर देताना ‘तिळाचा’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर साखरेचाच येतो. स्टिकर बदलायचं ताईंनी कबूल केलंय.