डीएनटीच्या हट आणि ती एक किल्ली: नॉर्वेत हिवाळ्यात आउटडोअर शिकणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

नॉर्वेत आउटडोअर एज्युकेशन शिकायला यायचंय म्हणून विचारणारे मेसेज हल्ली बरेच येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न जॅकेट कुठलं घेऊ हाच असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. जॅकेटचं नंतर बघू, आधी डीएनटी या डोंगर फिरणाऱ्यांच्या संस्थेची मेंबरशिप घ्या, त्यांच्या हटची, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरांची किल्ली घ्या आणि हिवाळ्यात एखाद्या राखणदार नसलेल्या हटमध्ये जाऊन राहा. मी तेलेमार्कमधल्या बो या गावात शिकते आणि या कोर्समध्ये मला सगळ्यात जास्त काय उपयोगी पडलं असं कुणी विचारलं तर मी या हटच सांगेन, म्हणून हा सविस्तर रिव्ह्यू.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डीएनटी म्हणजे देन नॉर्स्के तुरिस्तफोरेनिंग, १८६८ साली सुरू झालेली डोंगर फिरणाऱ्यांची संस्था, आज तीन लाखांच्या वर सभासद आणि देशभर साडेपाचशेच्या आसपास हट. त्यांची पहिली हट क्रोकान, ती आमच्याच भागात, रयुकानच्या धबधब्याजवळ. हट तीन प्रकारच्या. एक, जिथे स्टाफ असतो, जेवण मिळतं, आंघोळीची सोय बहुतेक ठिकाणी असते. दोन, सेल्फ-सर्विस, म्हणजे माणूस कुणी नाही पण शिधा भरलेली कोठी आहे. तीन, जिथे शिधाही नाही, फक्त चूल, लाकडं, गॅस, भांडी, गाद्या, पांघरुणं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातल्या बऱ्याचशा हटना एकच कुलूप आहे आणि ते उघडणारी एकच किल्ली सभासदांना डिपॉझिटवर मिळते. तीच किल्ली घेऊन तुम्ही दक्षिणेतल्या पठारावरची हट उघडा नाहीतर पार उत्तरेतली. काही हटना वेगळी किल्ली लागते, ते निघायच्या आधी वेबसाइटवर बघून घ्यायचं.

आता प्रत्यक्ष अनुभव. आम्ही वर्गातले काही जण वीकएंडला हेलबर्गहित्ता नावाच्या हटला गेलो होतो. बोहून रयुकानला पोचायचं, रयुकान हे अरुंद दरीतलं गाव, सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत तिथे थेट ऊन पोचतच नाही, म्हणून २०१३ मध्ये वर डोंगरावर आरसे बसवून चौकात ऊन पाडलंय. त्याच्या कितीतरी आधी, १९२८ साली, गावातल्या लोकांना हिवाळ्यात वर जाऊन सूर्य बघता यावा म्हणून नॉर्स्क हायड्रो कंपनीने रोपवे बांधून दिला, तो क्रोसोबानेन अजून चालू आहे. त्याने वर गेलं की दरीतला अंधार खाली राहतो आणि समोर हार्डांगरविद्दाचं पठार सुरू होतं. तिथून स्की लावून हटकडे निघायचं. नवशिक्यांना पाठीवर सॅक घेऊन स्कीवर चालायला वेळ लागतो, तेव्हा सकाळीच निघा, कारण डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम सहा तासांचा असतो.

हटला नाव क्लाउस हेलबर्गचं आहे. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४३ मध्ये, रयुकानजवळचा जर्मनांच्या ताब्यातला वेमोर्कचा हेवी वॉटरचा (अणुसंशोधनात लागणाऱ्या जड पाण्याचा) कारखाना उडवण्याच्या मोहिमेत तो होता, त्याच्या टोळीने त्याआधीचा अख्खा हिवाळा या पठारावरच्या झोपड्यांमध्ये रेनडिअर मारून खात काढला होता आणि घातपात करून झाल्यावर ही माणसं या रोपवेखालच्याच नागमोडी वाटेने वर चढून पठारावर पसार झाली. युद्धानंतर हेलबर्गने डीएनटीसाठी कितीतरी वर्षं काम केलं. हे सगळं आम्ही वर्गात ऐकलं होतं, पण त्याच बर्फात स्वतःचं सामान ओढत गेल्यावर त्या माणसांनी काय केलं असेल ते अंगाला कळतं. इतिहास शिकवायची याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

हिवाळ्यात हटला पोचणं म्हणजे काम संपलं असं समजू नका, काम तिथे सुरू होतं. दारासमोर बर्फ साचलेला असतो, तो फावड्याने काढायचा. दार उघडल्यावर आत बाहेरच्याइतकीच थंडी, कधीकधी जास्तच वाटते. पण चुलीशेजारची पेटी उघडली तर त्यात चिरलेली कोरडी लाकडं, वर बारीक ढलप्या आणि काडेपेटी, आधी राहून गेलेल्या माणसाने नीट रचून ठेवलेली. तुमचे हात इतके गारठलेले असतात की ग्लोव्हज काढून काडी ओढायलाही जड जातं आणि त्या क्षणी कुणा अनोळखी माणसाने तुमच्यासाठी आधीच लाकूड फोडून ठेवलंय हे बघून खरंच गहिवरून येतं. पहिल्यांदा मी नुसती बघत उभी राहिले होते. मग चूल पेटते, हट उबदार व्हायला दोन-तीन तास जातात, तोवर एकजण बाहेरून बर्फ भरून आणतो, एकजण वितळवतो. इथे एक टीप, पातेल्यात आधी थोडं पाणी घालून मगच बर्फ टाका, नुसता बर्फ टाकला तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो तो चहातही जात नाही.

दार उघडल्यावर अजून एक काम, ते म्हणजे वहीत नाव लिहिणं. प्रत्येक हटमध्ये नोंदवही असते, आपण कोण, कुठून आलो, उद्या कुठे निघालो, कुठली वाट, सगळं लिहायचं. कुणी हरवलं तर शोधणारी टीम हीच वही आधी बघते. आपल्याकडे गडावर नाव लिहायची जी सवय आहे ती भिंतीऐवजी अशा वहीत वळवली तर किती बरं होईल असं मला दर वेळी वाटतं.

सेल्फ-सर्विस हटची कोठी ही वेगळीच मजा आहे. पास्ता, भात, ओट्स, क्नेकेब्रो नावाचा कुरकुरीत पातळ पाव, ट्यूबमधलं चीज, डब्यातले फिशबॉल, योइका नावाचे रेनडिअरच्या मांसाचे गोळे, पॅनकेकचं पीठ, कोको, कॉफी, डब्यातली फळं. भिंतीवर दरपत्रक लावलेलं असतं, जे घेतलं ते लिहायचं, राहण्याचे पैसे त्यात मिळवायचे आणि भरायचे. पूर्वी कार्डाचा नंबर लिहिलेला कागद पेटीत टाकायचे, आता बहुतेक लोक घरी पोचल्यावर ऑनलाइन भरतात. कोण बघतंय? कुणीच नाही. अख्खी व्यवस्था विश्वासावर चालते आणि वर्षानुवर्षं चालत आलीय. शाकाहारी लोकांनी मात्र कोठीवर विसंबू नये, पोट भरेल पण चव नाही आणि दुकानापेक्षा दरही चढे असतात, साहजिक आहे कारण माल स्नोमोबाइलवरून वर न्यावा लागतो. मी आईने पाठवलेलं मेतकूट, भाजलेले पोहे आणि शेंगदाण्या-गुळाचे लाडू नेते. उणे पंधरा डिग्रीत तूप दगडासारखं होतं, ते चुलीजवळ ठेवायचं, अर्ध्या तासात मऊ होतं. गरम मऊ भात, मेतकूट, तूप, बाहेर वारा सुटलेला, आमच्या जर्मन मैत्रिणीने तीनदा मागून घेतलं.

एकदा एका हटमध्ये सत्तरी ओलांडलेलं नॉर्वेजियन जोडपं भेटलं. मी कुऱ्हाडीने ढलप्या काढत होते, आजोबा शांतपणे बघत होते, मग उठून आले आणि काही न बोलता सुरी लाकडावर आडवी ठेवून वरून दुसऱ्या ओंडक्याने हाणून दाखवलं. बोटं वाचतात आणि ढलप्या एकसारख्या निघतात. मग माझ्या हातात सुरी दिली आणि जमेपर्यंत उभे राहिले. आमच्या कोर्समध्ये मार्गदर्शन कसं करावं यावर एक अख्खा विषय आहे, कधी बोलायचं, कधी गप्प राहायचं, कधी विद्यार्थ्याला धडपडू द्यायचं. आजोबांनी ते पाच मिनिटांत करून दाखवलं.

कोर्सशी या हटचं नातं मला महत्त्वाचं वाटतं म्हणून थोडं लांबवते. वर्गात नऊ नियम शिकवतात, नॉर्वेचे डोंगरातले शहाणपणाचे नियम, १९५०च्या दशकात आले, १९६७च्या ईस्टरला डोंगरात अठरा माणसं दगावली त्यानंतर घराघरात पोचले आणि २०१६ मध्ये नव्याने लिहिले. क्विक लुन्श चॉकलेटच्या रॅपरच्या आतल्या बाजूलाही छापलेले असतात. त्यातला आठवा, वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. सह्याद्रीत वाढलेल्या आम्हा ट्रेकर मंडळींना हा नियम पचायला जड जातो, कारण समिट केल्याशिवाय परत यायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. पण हटची व्यवस्थाच अशी आहे की मागे फिरणं सोपं जातं, मागची हट आहे, तिथे लाकडं आहेत, किल्ली खिशात आहे, उद्या बघू. एकदा वाऱ्यात समोरचं काहीच दिसेना तेव्हा आमच्या शिक्षिकेने ग्रुपला विचारलं, कुणी ठरवायचं? आम्हीच ठरवलं आणि परतलो. त्या संध्याकाळी चुलीभोवती बसून झालेली चर्चा मला कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त लक्षात आहे.

आता काय कमी आहे तेही सांगते. एक म्हणजे हिवाळा सुरू झाला की सगळं उघडं असेल असं धरू नका. स्टाफवाल्या बऱ्याच हट फेब्रुवारीच्या आसपास उघडतात आणि ईस्टरनंतर बंद होतात, मधल्या काळात काही ठिकाणी छोटा सेल्फ-सर्विस भागच उघडा असतो. हिवाळी वाटांवर बर्चच्या फांद्या रोवून खुणा करतात तेही साधारण त्याच सुमाराला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत गेलात तर नकाशा आणि होकायंत्र चालवता आलंच पाहिजे, मोबाइल थंडीत धडाधड बंद पडतो. उन्हाळी वाटांची खूण म्हणून दगडांवर रंगवलेली लाल टी अक्षरं बर्फाखाली गेलेली असतात. दुसरं, संडास बाहेर, आणि रात्री दोन वाजता बूट चढवून जायला मनाची तयारी लागते. तिसरं, ईस्टरला गर्दी प्रचंड, काही खाटा बुकिंगशिवाय येणाऱ्यांसाठी ठेवतात पण गादी जमिनीवर टाकायची वेळ येऊ शकते. एका खोलीत बंक बेडवर सहा जण असतील तर घोरणारा एक असतोच, इअरप्लग न्या.

पैशांचं बोलायचं तर २०२३ पासून युरोपबाहेरच्या डिग्रीच्या विद्यार्थ्यांना इथे फी सुरू झालीय, ती भरून वर गिअर घ्यायचं म्हणजे कंबरडं मोडतं. म्हणून नवीन काही घेऊ नका. बुआ नावाचं जाळं आहे, गावोगावी केंद्रं, तिथे स्की, बूट, सॅक, फुकट वापरायला मिळतात. फिन वेबसाइटवर सेकंडहँड फ्येलस्की, म्हणजे डोंगरात वापरायच्या स्की, चांगल्या मिळतात, कडेला स्टील एज असलेल्याच घ्या. लोकरीचे आतले कपडे मात्र स्वतःचे, दोन जोड, सुती बनियन अजिबात नको, एकदा घाम आला की तो वाळत नाही आणि थांबलात की हुडहुडी भरते. डीएनटीला तरुण सभासदांसाठी मेंबरशिप स्वस्त आहे आणि सभासदांना राहण्याचे दरही कमी पडतात, एक-दोन वेळा राहिलात की मेंबरशिपचे पैसे वसूल.

निघायच्या आधी यर या वेबसाइटवर हवामान आणि वार्सोम या वेबसाइटवर हिमस्खलनाचा अंदाज बघा, एक ते पाच अशी पातळी असते, तीन दिसली तर तीस डिग्रीपेक्षा तिरक्या उतारावर आणि त्याच्या खालूनही जायचं नाही. सॅकमध्ये चादरीची शिवलेली पिशवी हवीच, पांघरुणं हटची असतात पण त्यात अशी पिशवी घालूनच झोपायचं असा नियम आहे. आईला सांगून जुन्या सुती साडीची शिवून घ्या, हलकी होते आणि फारशी जागा खात नाही.

परतताना घाई करू नका, निदान एक तास राखून ठेवा. राख बाहेरच्या लोखंडी बादलीत, लाकडाची पेटी भरलेली आणि वर बारीक ढलप्या, भांडी धुऊन पालथी, फरशी झाडलेली, गॅसचा नॉब बंद, खिडक्यांची झापं लावलेली, पातेल्यात पाणी शिल्लक नाही ना ते बघायचं कारण गोठून भांडं फुगतं. मग कुलूप, आणि कुलूप लागलंय का ते ओढून बघा, वाऱ्याने दार उघडलं तर दोन दिवसांत आतली अर्धी खोली बर्फाने भरते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मार्चमधला आठवडा धरावा, दिवस मोठा, बर्फ घट्ट, वाटेवर फांद्यांच्या खुणा असतात, आणि सोबत एकतरी माणूस हिवाळ्यात आधी राहिलेला हवा.