खरे दात, खोटा जबडा : मोरोक्कोतली जीवाश्म खरेदी

मराकेशहून मेरझुगाच्या वाळवंटाकडे जाणाऱ्या बऱ्याच सहली एरफूदला थांबतात. तिथे जीवाश्मांची दुकानं आहेत. तुम्ही जाणार असाल तर हे आधी वाचा.

आमची गाडी थांबली त्या दुकानामागेच कारखाना होता. काळा दगड कापून, घासून त्यातले गोनियाटाइट आणि ऑर्थोसेरास उघडे करत होते. सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्यातले हे शंखधारी जीव. ते काम अस्सल होतं, आणि त्यामुळेच पुढच्या दालनातल्या मालावरही विश्वास बसला. तिथे मोसासॉरचा हातभर लांब जबडा होता. मोसासॉर म्हणजे डायनासोरच्या काळातला अजस्र सागरी सरपटणारा प्राणी, घोरपडीचा दूरचा नातलग. ‘खाणीत असाच अख्खा सापडला,’ विक्रेता म्हणाला. त्याने हमीपत्रही दिलं. आम्ही बरीच मोठी रक्कम मोजली.

पुण्यात भूशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी भिंगाखाली तो पाहिला आणि म्हणाल्या, ‘दात खरे आहेत, जबडा नाही.’

मोरोक्कोतल्याच खुरिब्गा इथल्या फॉस्फेट खाणींत मोसासॉरचे सुटे दात इतके निघतात की ते स्वस्तात मिळतात. वाळू, हाडांचा चुरा आणि गोंद यांच्या लगद्यात ते ओळीने बसवले की किंमत कितीतरी पट होते. खऱ्या जबड्यात दाताखाली जाड मूळ असतं, ते हाडाशी एकजीव झालेलं असतं आणि कुठे कुठे बाजूला नवा दात उगवताना दिसतो. आमच्या तुकड्यात सगळे दात एकाच कोनात होते, मूळ एकालाही नव्हतं. ‘हाडा’वर हाडाची सच्छिद्र जाळी नव्हती, वाळूचे कण होते. बाईंनी ॲसिटोनचा बोळा फिरवताच कडा मऊ पडून चिकट झाली. दुकानाला कळवलं, तेव्हा उत्तर आलं की हमीपत्र दातांचं आहे. पुन्हा वाचलं तर खरंच, त्यात जबड्याचा शब्दही नव्हता.

ट्रायलोबाइटच्या, म्हणजे फार पूर्वी नामशेष झालेल्या कवचधारी सागरी जीवांच्या, बाबतीतही असंच चालतं. काटेरी ट्रायलोबाइट दगडातून सोडवायला कुशल कारागिराचे कित्येक तास जातात. तो स्वस्तात मिळत असेल तर बहुधा साच्यात रेझिन ओतून केलेली नक्कल आहे. पृष्ठभागावर हवेचे बारीक बुडबुडे दिसतात का, दुकानात हुबेहूब दुसरा तुकडा आहे का, हे पाहा. खरा ट्रायलोबाइट दगड फोडूनच सापडतो, त्यामुळे जोडलेली भेग दगडातून थेट प्राण्याच्या अंगावरून गेलेली असते. तशी भेग नसेल तर मी तरी घेणार नाही.

पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण जीवाश्माचं मोल तो कुठल्या थरात सापडला यावर असतं, आणि त्याच्याशी खेळणारे विद्वानही झाले आहेत. 1989 साली ऑस्ट्रेलियाचे जीवाश्मतज्ज्ञ जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं की पंजाब विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने हिमालयातले म्हणून जाहीर केलेले काही जीवाश्म बाजारात मिळणाऱ्या मोरोक्कोच्या नमुन्यांसारखेच होते. हिमालयाच्या भूशास्त्रात त्या नोंदी वर्षानुवर्षे खऱ्या म्हणून वापरल्या गेल्या होत्या.

एरफूदला काही घ्यायचंच असेल तर समोर कापला जाणारा गोनियाटाइट घ्या, किंवा सुटा दात. जबडा आवडलाच तर ‘हाड आणि दात एकाच प्राण्याचे, मूळचे’ असं पावतीवर लिहून मागा.